अपग्रेडनंतर ओढ कमी, ॲव्हरेज कमी आणि पुसलेला कोड पुन्हा हजर: कारण शोधण्याची रीत

तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. पेट्रोल गाडीला तेल लावलेला कापडी एअर फिल्टर किंवा उघडा कोन फिल्टर बसवला जातो, जोडीला फ्री-फ्लो सायलेन्सर येतो. डिझेल गाडीला ट्युनिंग बॉक्स जोडला जातो. ज्याला ओढीपेक्षा खर्चाची काळजी आहे तो सीएनजी किट बसवून घेतो. सुरुवातीचे काही दिवस गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. पुढे दोन-तीन आठवड्यांत घाट चढताना ओढ कमी पडते, लिटरमागे दोन-तीन किलोमीटर कमी मिळू लागतात आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा कोड, म्हणजे संगणकात साठलेला दोषाचा क्रमांक, पुसला जातो, दिवा विझतो, गाडी चार दिवस बरी चालते आणि मग तोच दिवा पुन्हा लागतो. सेन्सर बदलला, प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलून पाहिला, तरी चक्र थांबत नाही.

हे चक्र का चालते हे आधी समजून घेतले तर पुढची शोधाशोध बरीच कमी होते. कोड पुसला जातो तेव्हा केवळ दिवा विझत नाही, तर इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, गाडी चालत असताना शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्तीसुद्धा शून्यावर येते. ही दुरुस्ती पुन्हा साचायला गाडीच्या काही फेऱ्या, म्हणजे सुरू करून चालवून बंद करण्याची काही आवर्तने, लागतात. शिवाय हवा-इंधनाच्या मिश्रणाशी संबंधित बहुतेक दोषांबाबत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय ईसीयू दिवा लावत नाही. म्हणून पुसल्यानंतरचे चार चांगले दिवस हा दुरुस्तीचा पुरावा नसून केवळ मोजणी नव्याने सुरू झाल्याचा परिणाम असतो. मूळ कारण जागच्या जागी असते, आणि माझ्या मते दहातल्या सात-आठ गाड्यांत ते कारण बिघडलेला भाग हे नसते; नव्या भागामुळे ईसीयूला मिळणारे हवेचे किंवा इंधनाचे माप खोटे झालेले असते.

ॲव्हरेज खरोखर घसरले आहे का?

हा प्रश्न मालकाला आवडत नाही, पण तो पहिलाच विचारला पाहिजे. डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडा टाकीतून गेलेले इंधन मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवले आणि दाब किती होता यावरून ईसीयू तो हिशेबाने काढतो. त्यामुळे इंजेक्टर, दाबाचा सिग्नल किंवा टायरचा घेर यांपैकी काहीही बदलले असेल तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. टाकी फुल करून मोजण्याची जुनी पद्धतच येथे उपयोगाची आहे: एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी भरावी, किमान तीन-चारशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि पुन्हा तशीच भरावी. दहा लिटर भरून मोजले आणि कट अर्धा लिटर मागेपुढे झाला, तर पाच टक्क्यांची चूक तिथेच होते. तीस लिटर भरले तर तीच चूक पावणेदोन टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणून एका टाकीवरून काढलेला ‘चार टक्के फायदा’ किंवा ‘चार टक्के तोटा’ यांना फारसा अर्थ नसतो.

टायरचा मुद्दा अनेकदा नजरेतून सुटतो. मूळ १७५/६५ आर १४ च्या जागी दिसायला भरदार म्हणून १८५/६५ आर १५ टायर घातले, तर चाकाचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटरवरून ६२१ मिलिमीटरवर जातो, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण ओडोमीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. प्रत्यक्ष शंभर किलोमीटर झाले तरी मीटरवर चौऱ्याण्णवच्या आसपासच दिसतात आणि ॲव्हरेज तेवढ्याने आपोआप कमी दिसते. मोठ्या चाकामुळे एकूण गिअरिंगही लांब होते, त्यामुळे चढावर ओढ कमी वाटते ती मात्र खरी असते. या गाडीचे इंजिन उघडून काहीही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने ई१० वरून ई२० वर, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर, आल्यावर लिटरमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट येते आणि शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ती पावणेसात टक्क्यांच्या घरात जाते. सन २०२५ पासून देशभरातील पंपांवर २० टक्के मिश्रण सर्वसाधारण झाले आहे. जुन्या बीएस४ गाडीत त्याच सुमारास कोणी फिल्टर बसवला असेल, तर इंधनाचे खापर फिल्टरवर फुटण्याची शक्यता मोठी आहे. स्कॅनरवरही हा फरक दिसतो: ई१० साठी बेतलेल्या गाडीत ई२० भरल्यावर ईसीयू स्वतःहून तीन-चार टक्के जास्त इंधन सोडू लागतो. पुढे दिलेले आकडे वाचताना एवढी वजावट मनात धरावी.

पुसण्याआधी वाचणे

घाईत हीच पायरी गाळली जाते. कोड पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा आणि त्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही पाहावा. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे (आरपीएम) किती होते, भार किती होता, पाण्याचे तापमान किती होते हे त्यात असते. गाडीच्या निदान पोर्टमध्ये (ओबीडी) लावायचा हजार-दोन हजार रुपयांचा ब्लूटूथ वाचक आणि मोबाइलवरील एखादे ॲप यासाठी पुरेसे आहे. मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१, मिश्रण दाट असल्याचा पी०१७२, हवेच्या सेन्सरचा पी०१०१, मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची, पी०३०० पासून पुढची मालिका आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा पी०४२० हे अपग्रेडनंतर हमखास भेटणारे कोड आहेत. यातला पी०१७१ हा ‘ऑक्सिजन सेन्सर’, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, खराब असल्याचे सांगत नाही. इंजिनाला अपेक्षेपेक्षा जास्त इंधन द्यावे लागत आहे, इतकेच तो सांगतो. तरीही या कोडवर सर्वांत आधी ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो, ही आपल्याकडची खर्चिक प्रथा आहे.

कोडपेक्षा जास्त बोलके असतात ते फ्युएल ट्रिमचे, म्हणजे वर सांगितलेल्या इंधनाच्या दुरुस्तीचे, दोन आकडे, तात्कालिक आणि दीर्घकालीन. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा जास्त इंधन घालत आहे, उणे चिन्ह म्हणजे कमी करत आहे. दोन्हींची बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालते, आणि ती वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली की दिवा लागतो. इंजिन पूर्ण तापल्यावर हे आकडे तीन स्थितींत टिपावेत: आयडलिंगवर, उभ्या गाडीत अडीच हजार फेऱ्यांवर, आणि चढावर भार देऊन. शेवटचे वाचन शेजारी बसलेल्या माणसाने घ्यावे, चालवणाऱ्याने नव्हे.

आयडलिंगवर ट्रिम खूप अधिक आणि फेरे वाढवताच ती सामान्य होत असेल, तर कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. कमी फेऱ्यांना ती गळती एकूण हवेच्या मानाने मोठी असते आणि जास्त फेऱ्यांना नगण्य ठरते, म्हणून असे दिसते. उलट आयडलिंगला सर्व ठीक आणि भार वाढेल तशी ट्रिम अधिकाकडे सरकत असेल, तर हवेचा सेन्सर कमी माप सांगत आहे किंवा इंधनाचा पुरवठा कमी पडत आहे. सर्व स्थितींत ट्रिम सारखीच अधिक असेल तर इंधनाचा दाब, इंधनाचा प्रकार किंवा सायलेन्सरच्या बाजूची गळती, जिच्याविषयी पुढे लिहिले आहे, ती तपासावी. एवढ्या वाचनावर निम्मे निदान झालेले असते.

एअर फिल्टर

हवा मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो इनटेक मॅनिफोल्डवर बसतो आणि आतला दाब मोजतो. कॉमन रेल डिझेलमध्ये आणि काही पेट्रोल गाड्यांत एअर बॉक्सच्या लगेच पुढे, नळीवरच, मॅफ सेन्सर असतो. त्यात हवेच्या वाटेत एक बारीक तापवलेली पट्टी असते. वाहती हवा ती थंड करते आणि तिचे तापमान राखण्यासाठी किती वीज लागली यावरून हवेचे वस्तुमान कळते.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरचा त्रास प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराला होतो. फिल्टर धुतल्यावर तेल बेताने लावायचे असते, पण ‘थोडे जास्त बरे’ या समजुतीने ते निथळेपर्यंत ओतले जाते. जादा तेल हवेसोबत पुढे जाते, तापलेल्या पट्टीवर बसते, त्यावर बारीक धूळ चिकटते आणि पट्टीवर एक आवरण तयार होते. मग सेन्सर जास्त प्रवाहाला हवा कमी सांगतो, आणि आयडलिंगला काही वेळा उलट जास्त सांगतो. पेट्रोल गाडीत सामान्य चालीला ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ईसीयू त्याच्यावर अवलंबून राहत नाही. तिथे मिश्रण पातळ राहते आणि नेमकी ओव्हरटेक करताना ओढ हरवते. शिवाय भार कमी आहे असे समजून प्रज्वलनाची वेळही चुकीची निवडली जाते, म्हणून चढावर खडखड ऐकू येते. डिझेलमध्ये परिणाम अधिक सरळ आहे: हवा कमी आहे असे वाटल्याने धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेलच कमी सोडतो. गाडी धूर न करता मरगळते.

तपास सोपा आहे. इग्निशन बंद करून मॅफ सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि गाडी चालवून पाहावी. कनेक्टर काढल्यावर ईसीयू ठरावीक आकड्यांवर चालतो. त्या अवस्थेत ओढ सुधारली तर सेन्सर दोषी आहे, हे जवळपास नक्की. या चाचणीने नवा कोड पडतो, तो नंतर पुसावा. सेन्सर साफ करण्यासाठी मॅफ क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रेच वापरावा. कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर, कापसाचा बोळा, कॉम्प्रेसरची हवा यांपैकी काहीही त्या पट्टीला लागू देऊ नये. सेन्सर पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, परत बसवावा. आणि साफ केल्यावर तोच निथळता फिल्टर परत बसवू नये. सांगायला नको, तरी हे सांगावे लागते, कारण महिन्याभराने दिवा परत येण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते.

मॅप सेन्सरच्या गाडीत तेलाचा असा त्रास सहसा होत नाही. तिथे फिल्टर बदलताना हललेल्या गोष्टी पाहाव्यात. एअर बॉक्स काढला की क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या आतली वाफ इनटेककडे नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची व्हॅक्युम नळी आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर हाताळले जातात. कोन फिल्टरसाठी जागा नसल्याने ब्रीदरची नळी उघडी सोडलेली, तिच्या तोंडाला फडके कोंबलेले, किंवा तापमानाचा सेन्सर केबल टायने रेडिएटरजवळ लटकवलेला, असे प्रकार मुळीच दुर्मीळ नाहीत. शेवटच्या प्रकारात इंजिनात जाणारी हवा एक आणि मोजली जाणारी दुसरीच, अशी गंमत होते. ब्रीदर, त्याचे क्लँप आणि थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटभोवती चालू इंजिनावर कान देऊन ऐकावे. फुसफुस ऐकू येत नसली तरी नळी बोटाने दाबून फेरे बदलतात का ते पाहावे.

उघड्या कोन फिल्टरचा आणखी एक मुद्दा म्हणजे बॉनेटखालची गरम हवा. मूळ एअर बॉक्सची सोंड ग्रिलजवळून बाहेरची हवा घेते. कोन फिल्टर इंजिनाशेजारची घेतो. बाहेर ३५ अंश असताना बॉनेटखाली, विशेषतः ट्रॅफिकमध्ये, ६५ अंश सहज असतात आणि या फरकाने हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. महाबळेश्वरच्या उंचीला विरळ हवेमुळे जी ओढ जाते, तिच्या निम्म्याहून अधिक ओढ आपण सपाटीवरच गमावतो. गरम हवेने ॲव्हरेज घसरतेच असे मात्र नाही. तोटा आहे तो ओढीचा. स्कॅनरवर हवेचे तापमान पाहावे: चालत्या गाडीत ते बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-बारा अंशांहून जास्त राहत असेल तर फिल्टरला आडोशाचा बॉक्स आणि बाहेरून हवा आणणारी नळी द्यावी, किंवा सरळ मूळ एअर बॉक्स परत बसवावा. मी दुसरा पर्याय सुचवेन.

कारण फिल्टरकडून ॲव्हरेजची अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पेट्रोल इंजिनात नेहमीच्या चालीला हवा अडवण्याचे काम थ्रॉटलची झडप करत असते, तिच्यापुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ असतो. आणि जेवढी हवा जाईल तेवढेच इंधन ईसीयू मोजून सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या केल्या, तेव्हा ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही; वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. तुंबलेल्या फिल्टरनेही जे घसरत नाही, ते अधिक मोकळ्या फिल्टरने वाढणार कुठून? ‘फिल्टर साफ केला की ॲव्हरेज वाढते’ ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे, आणि त्या काळापुरती ती खरीही होती.

उलट बाजूला धूळ आहे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे मुरमाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर किती हवा सोडतो यापेक्षा किती धूळ अडवतो हे महत्त्वाचे. काही मायक्रॉन ते वीसेक मायक्रॉन आकाराचे कण तेलाच्या थरात शिरून रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात. फिल्टर विकणाऱ्याकडे आयएसओ ५०११ चाचणीचा अहवाल मागावा. त्यात धूळ अडवण्याची टक्केवारी आणि धूळ सामावण्याची क्षमता दोन्ही दिलेली असतात. घरी करण्यासारखी चाचणी म्हणजे फिल्टरच्या पुढच्या नळीत आतून पांढरे फडके फिरवणे. फडक्यावर धूळ आली तर कोड असो वा नसो, तो फिल्टर त्याच दिवशी काढावा.

सायलेन्सरच्या बाजूची गळती

फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्या) बसवल्यावर ॲव्हरेज पडले असेल तर आवाजाकडे नव्हे, जोडाकडे पाहावे. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गॅस्केट नीट बसले नसेल किंवा वेल्डिंगला बारीक चीर असेल, तर धुराच्या स्पंदनांमधल्या कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला मिश्रण पातळ वाटते आणि तो इंधन वाढवत राहतो. हा खराखुरा अपव्यय आहे, कारण मुळात मिश्रण बरोबर होते. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात टिकटिक आवाज येणे, आणि जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसणे, या त्याच्या खुणा आहेत. जोड दुरुस्त होईपर्यंत कोणताही सेन्सर बदलू नये.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेल्या गाडीत पी०४२० पुन्हा पुन्हा येणारच; तो दोष नसून खरे विधान आहे. कन्व्हर्टरनंतरच्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरला धुरापासून दूर ठेवणारी लांबवणी लावून कोड दडपण्याचे उपाय बाजारात आहेत, पण त्याने इंजिनात काहीच सुधारत नाही आणि पीयूसीच्या वेळी अडचण उभी राहते.

डिझेलचा ट्युनिंग बॉक्स

मूळची फियाटची १,२४८ घन सेंटिमीटरची मल्टिजेट डिझेल इंजिने, जी रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसत, त्यांच्या मालकांत ट्युनिंग बॉक्सचे आकर्षण फार होते आणि जुन्या गाड्यांत ते अजून आहे. स्वस्त बॉक्स कसा काम करतो ते कळले की त्याच्या तक्रारी आपोआप उलगडतात. तो रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी दाब कळवतो. ईसीयू दाब वाढवतो, आणि इंजेक्टर उघडण्याची वेळ मात्र कमी दाबाच्या हिशेबाने ठरवतो. परिणामी प्रत्येक फवाऱ्यात त्याच्या माहितीपेक्षा जास्त डिझेल जाते. ओढ खरोखर वाढते, यात फसवणूक नाही.

फसवणूक आहे ती ॲव्हरेजच्या आकड्यात. डॅशबोर्डवरचा आकडा ईसीयूला माहीत असलेल्या डिझेलवर काढलेला असतो. न कळवलेले डिझेल त्यात धरलेलेच नसते. त्यामुळे बॉक्स लावल्यावर डॅशबोर्डवर ॲव्हरेज वाढलेले दिसते आणि पंपावर बिलही वाढलेले दिसते. विक्रेत्यांच्या जाहिरातींत डॅशबोर्डचे फोटो असतात, पंपाच्या पावत्या नसतात. टाकी फुल पद्धतीने मोजल्याशिवाय या बाबतीत कोणाचेही म्हणणे मान्य करू नये.

दिवा लागून गाडी अचानक फेऱ्यांच्या मर्यादेत अडकली, म्हणजे लिंप मोडमध्ये गेली, तर पहिली पायरी एकच: बॉक्स काढून मूळ कनेक्टर जोडावा, कोड लिहून मग पुसावा आणि आठवडाभर तसेच चालवावे. दोष परत आला नाही तर कारण सापडले. परत आला, तर रेल प्रेशर कमी असल्याचा पी००८७ डिझेल फिल्टरकडे किंवा जास्त दाबाने झिजलेल्या पंपाकडे बोट दाखवतो, आणि टर्बोचा दाब कमी असल्याचा पी०२९९ इंटरकूलरच्या नळ्यांकडे. या नळ्यांच्या जोडावर तेलाचा ओलसर डाग दिसला तर क्लँप आधी आवळावा. टर्बो बदलण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा. बीएस६ डिझेलमध्ये जादा काजळीमुळे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, वारंवार भरतो आणि तो जाळून साफ करण्यात पुन्हा डिझेलच खर्च होते.

एक शक्यता स्कॅनरवर कधीच दिसत नाही, ती म्हणजे घसरणारा क्लच. वाढलेला टॉर्क जुन्या क्लचला पेलवत नाही. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे झपकन वर गेले आणि वेग तसाच राहिला, तर इंजिन ठीक आहे, ओढ क्लचमध्ये जळते आहे.

सीएनजी किटनंतर पेट्रोलवर त्रास

मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते: गॅसवर गाडी ठीक, पण पेट्रोलवर आली की झटके, मिसिंग आणि खराब ॲव्हरेज. सिक्वेन्शियल किटचा संगणक पेट्रोल इंजेक्टरची वेळ वाचतो आणि तिला एका गुणकाने वाढवून गॅसचे इंजेक्टर उघडतो. हा गुणक चुकला, तर गॅसवर चालताना मिश्रण बिघडते आणि मूळ ईसीयू आपल्या दीर्घकालीन ट्रिममध्ये ते सावरतो. पण ती ट्रिम एकच असते. गॅसवर साचलेली पंधरा टक्क्यांची दुरुस्ती पेट्रोलवर येताच तशीच लागू होते आणि पेट्रोलचे बरोबर असलेले मिश्रण बिघडवते. कोड पुसल्यावर गाडी पेट्रोलवर काही दिवस छान चालते ती यामुळेच.

येथे तपास असा करावा: कोड पुसून गाडी आधी फक्त पेट्रोलवर चालवावी आणि ट्रिम स्थिरावली की नोंद घ्यावी. मग गॅसवर घेऊन त्याच रस्त्याने, त्याच वेगांना ट्रिम पाहावी. दोन्हींत चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर किटचे कॅलिब्रेशन लॅपटॉप लावून, गाडी रस्त्यावर चालवत, करून घ्यावे. उभ्या गाडीत आयडलिंगवर केलेले ऑटो-कॅलिब्रेशन पुरेसे नसते, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावरच भागवले जाते. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर प्लग आणि कॉइल पाहावेत, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर हरतो. गॅसचा कमी दाबाचा फिल्टर बदलला नसेल तर भार दिल्यावर गॅस कमी पडतो, हेही लक्षात असावे. ॲव्हरेज काढताना प्रत्येक थंड सुरुवातीला जळणारे पेट्रोल हिशेबात धरावे. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ते कमी नसते.

इंधनाच्या नळीवर बसवायचे चुंबक, ओबीडी पोर्टमध्ये खोचायचे ‘फ्युएल सेव्हर’ आणि पाण्यापासून हायड्रोजन बनवणाऱ्या बाटल्या यांवर शब्द खर्च करण्याची गरज नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही तिला सापडले नाही. ओबीडी पोर्टमध्ये काही खोचलेले असेल तर निदान सुरू करण्यापूर्वी ते काढावे, कारण काही गाड्यांत ते स्कॅनरशी होणाऱ्या संवादातच अडथळा आणते. इरिडियम प्लग घेतले असतील तर त्यांची उष्णता श्रेणी पुस्तिकेशी जुळते का ते पाहावे. काही कंपन्यांच्या क्रमांकांत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग आणि काहींच्या क्रमांकांत नेमके उलटे असते, त्यामुळे एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीला लावल्याने गोंधळ होतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट मान्यताप्राप्त असावे, आरसीवर त्याची नोंद असावी आणि टाकीची दाब चाचणी दर तीन वर्षांनी झालेली असावी. अपघातानंतर विमा कंपनी सर्वप्रथम हीच कागदपत्रे मागते.

दुरुस्ती झाली असे म्हणण्यापूर्वी एक शेवटचे वाचन घ्यावे. कोड पुसल्यानंतर शंभर-दीडशे किलोमीटर, शहर आणि महामार्ग दोन्ही येतील असे, चालवून ओबीडीच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते ॲपमध्ये पाहावे. त्या अपूर्ण असताना विझलेल्या दिव्याला काही अर्थ नाही. त्या पूर्ण असतील आणि दीर्घकालीन ट्रिम, ई२० ची वजावट धरून, तिन्ही स्थितींत पाच टक्क्यांच्या आत असेल, तर दोष गेला. एका वेळी एकच बदल करून हे वाचन घ्यावे. फिल्टर, प्लग आणि सेन्सर एकाच दुपारी बदलले तर गाडी सुधारली तरी नेमके काय दोषी होते हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तिन्हींचे बिल पुन्हा भरावे लागते.